टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि कॉम्प्युटरवर नाही, असं का? आधी कोण कापतंय ते शोधा

लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला की खालचा टास्कबार अर्धा गायब, एक्सेलचा पहिला कॉलम कापलेला, ब्राउझर बंद करायची फुली तर दिसतच नाही. तोच लॅपटॉप मॉनिटरला लावला की सगळं जागच्या जागी. किंवा लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर बघितला तेव्हा नावं व्यवस्थित होती आणि मामांच्या टीव्हीवर लावला तर "चि. सौ. कां." मधला "चि." पडद्याच्या बाहेर. यावर बहुतेक लोक काय करतात तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन बदलून बघतात, मग व्हिडिओ परत एक्स्पोर्ट करतात, मग केबल बदलतात, आणि शेवटी "या टीव्हीत असंच येतं" म्हणून सोडून देतात.

खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळा फाइल पण ठीक असते आणि लॅपटॉप पण ठीक असतो. कापतो तो टीव्ही, तेही मुद्दाम, फॅक्टरीतून तसं सेटिंग करूनच तो येतो. म्हणून दुरुस्ती पण टीव्हीतच करायची. लॅपटॉपमध्ये करायची नाही, का ते पुढे सांगतो.

टीव्ही कापतोच कशाला

या प्रकाराला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीला जे चित्र मिळतं ते तो थोडं मोठं करतो, मग पडद्यात मावत नाही तेवढ्या कडा बाहेर जातात. फोटो फ्रेम करताना माउंटखाली फोटोची कड थोडी झाकली जाते ना, तसंच.

हे सुरू झालं पिक्चर ट्यूबच्या जमान्यात. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली रेषा मारत जायचा आणि झोत कुठपर्यंत वळणार हे कॉइल, व्होल्टेज, सेट किती जुना झालाय, किती तापलाय असल्या गोष्टींवर ठरायचं. चित्र एकदम उजळ झालं की आतलं हाय व्होल्टेज थोडं पडायचं आणि चित्र फुगायचं, घरातलं व्होल्टेज पडलं की चित्र आकसायचं. आपल्याकडे तर टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर घ्यायची पद्धतच होती, आणि ज्यांनी संध्याकाळच्या लो व्होल्टेजमध्ये टीव्ही बघितलाय त्यांना ते बाजूनं काळं दिसणारं आकसलेलं चित्र आठवत असेल. मग कंपन्यांनी सोपा उपाय केला, चित्र मुळातच पडद्यापेक्षा मोठं मारायचं. थोडं आकसलं तरी काळी कड दिसणार नाही, गिऱ्हाईक तक्रार करणार नाही.

दुसरं कारण म्हणजे कडेला कचरा असायचा. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीचं, त्यात एका फ्रेममध्ये ६२५ रेषा, पण चित्राच्या कामाच्या ५७६च. बाकीच्या रेषा झोत खालून परत वर न्यायला आणि टेलिटेक्स्टसारखा डेटा पाठवायला. चित्राच्या अगदी वरच्या आणि खालच्या रेषा त्यामुळे फारशा भरवशाच्या नसायच्या, त्या झाकलेल्याच बऱ्या.

कॉम्प्युटरची गोष्ट पहिल्यापासून उलटी. तिथे कोपऱ्यातलं एक अक्षर जरी गेलं तरी काम अडतं, म्हणून जुन्या ट्यूबवाल्या मॉनिटरवर चित्र पडद्यापेक्षा लहान ठेवायचे, चारी बाजूंना काळी चौकट दिसली तरी चालेल पण अक्षर जाता कामा नये. आणि जे जुने होम कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचे, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम वगैरे, त्यांच्यात कामाच्या भागाभोवती जाड रंगीत बॉर्डर असायची ती नुसती शोभेला नव्हती, टीव्हीनं बॉर्डर कापली तरी आतली अक्षरं शाबूत राहावीत हा त्यातला हिशोब.

आता फ्लॅट पॅनलमध्ये झोत नाही, कॉइल नाही, पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके (पिक्सेल) आणि सिग्नलमध्ये पण तेवढेच, एकास एक बसायला काहीच हरकत नाही. तरी टीव्ही कंपन्यांनी ओव्हरस्कॅन चालू ठेवला, कारण जुनी एसडी चॅनल्स, जुन्या टेप्स, सेट-टॉप बॉक्स या सगळ्यांच्या कडेचा कचरा फ्लॅट पॅनलवर अजूनच स्पष्ट दिसतो. त्यात एचडीएमआयवर टीव्हीचं ठरलेलं वागणं असं की ७२०पी, १०८०आय, १०८०पी असे टीव्हीचे फॉरमॅट आले की "हा टीव्हीचा कार्यक्रम आहे" असं समजायचं आणि कापायचं, आणि १०२४ बाय ७६८ असला कॉम्प्युटरी फॉरमॅट आला की कापायचं नाही. मेख इथे आहे. लॅपटॉप जेव्हा १९२० बाय १०८० पाठवतो तेव्हा टीव्हीला वाटतं की हा पण सेट-टॉप बॉक्सच. सिग्नलबरोबर "कापू नको" अशी खूण पाठवायची सोय आहे, पण ती सगळे टीव्ही ऐकतातच असं नाही.

किती कापलं जातं? साधारण प्रत्येक कडेला अडीच टक्के धरा. ऐकायला काहीच नाही वाटत, पण १९२० च्या चित्रात ते डावीकडे ४८ आणि उजवीकडे ४८ पिक्सेल, वर खाली २७-२७. विंडोजचा टास्कबार साधारण ४०-४८ पिक्सेलचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त गेला. एकूण चित्राच्या क्षेत्रफळातले जवळपास १० टक्के बाहेर. आणि जुन्या ट्यूबसारखे प्रत्येक कडेला ५ टक्के गेले तर १९ टक्के चित्र बाहेर, म्हणजे पाचवा हिस्सा!

आधी ओळखा की नक्की काय झालंय

सगळं कापणं म्हणजे ओव्हरस्कॅन नाही, आणि इथेच लोकांचा घोळ होतो.

चारही बाजूंनी थोडं थोडं, सारखं गेलंय, माणसं जाडी-बारीक झालेली नाहीत, तर तो ओव्हरस्कॅन. बातम्यांच्या चॅनलवर खालची धावती पट्टी अर्धी कापलेली दिसते तो पण बहुतेक हाच, किंवा झूम.

वरून आणि खालूनच भरपूर गेलंय, लोकांची डोकी कपाळापासून कापलीत, तर कुठेतरी झूम चालू आहे. ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं चित्र १६:९ च्या, म्हणजे आताच्या रुंद पडद्यावर रुंदी भरेपर्यंत मोठं केलं की उंचीचा पाव भाग जातो, साडेबारा टक्के वरून, साडेबारा खालून. उलट स्कोपचा सिनेमा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद, काळ्या पट्ट्या नकोत म्हणून झूम केला की डावी-उजवीकडून मिळून पाव चित्र जातं, दोन माणसं समोरासमोर बोलतायत आणि आपल्याला दोघांची नुसती नाकं. इथे माझं मत स्पष्ट आहे, सिनेमाला वरखाली काळ्या पट्ट्या असल्या तर असू द्या, तो सिनेमाचा आकार आहे, टीव्हीचा दोष नाही.

काहीच कापलेलं नाही पण सगळे गोलमटोल दिसतायत, तर ते स्ट्रेच. ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं. हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की योग्य आकारात चित्र लावून दिलं तर घरचे म्हणतात "बाजूला काळं का सोडलंय, पूर्ण टीव्ही भर की".

आणि झूमचं खरं कारण बहुतेक घरात एकच असतं. एखादं जुनं एसडी चॅनल असतं ज्यात चारही बाजूंनी काळी चौकट येते, म्हणजे रुंद चित्र ४:३ मध्ये पट्ट्या टाकून बसवलेलं आणि ते परत १६:९ च्या पडद्यात. घरातलं कोणीतरी वैतागून रिमोटवरचं झूमचं बटण दाबतं, त्या चॅनलला छान दिसतं, आणि मग तो झूम तसाच राहतो, पुढचे सहा महिने सगळी चॅनल्स कापलेली. शिवाय सेट-टॉप बॉक्समध्ये वेगळं आस्पेक्टचं, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं सेटिंग असतं, लेटरबॉक्स, पॅन अँड स्कॅन, १६:९ असे पर्याय, त्यामुळे बॉक्सनं एकदा कापलं आणि टीव्हीनं वर परत कापलं असंही होतं. बॉक्स १६:९ वर ठेवा, टीव्ही पण १६:९ किंवा ओरिजिनलवर, मग बाकीचं बघू.

टेस्टचं चित्र बनवा, अंदाजावर जाऊ नका

डोळ्यानं बघून "ठीक वाटतंय" म्हणण्यात अर्थ नसतो. पेंटमध्ये किंवा जिम्पमध्ये १९२० बाय १०८० चं काळं चित्र घ्या. सगळ्यात बाहेरच्या पिक्सेलवर चारी बाजूंनी एक पिक्सेल जाडीची पांढरी रेषा. मग आत ४८ आणि २७ पिक्सेल सोडून एक पिवळी चौकट, ती अडीच टक्क्यांची. अजून आत ९६ आणि ५४ सोडून लाल चौकट, ती पाच टक्क्यांची. मधोमध एक नीट गोल काढा, पेंटमध्ये शिफ्ट दाबून ठेवलं की गोलच येतो. आणि जमलं तर एका कोपऱ्यात दोनशे-तीनशे पिक्सेलचा चौकोन करून त्यात एक काळी एक पांढरी अशा एक-एक पिक्सेलच्या उभ्या रेषा भरा, हे थोडं किचकट काम आहे पण कॉपी-पेस्ट दुप्पट दुप्पट करत गेलं की होतं.

चित्र लॅपटॉपवर फुलस्क्रीन लावा, पण त्याआधी विंडोज बटण आणि पी दाबून एक्स्टेंड किंवा सेकंड स्क्रीन ओन्ली करा. डुप्लिकेटवर ठेवलं की लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असेल किंवा नव्या लॅपटॉपसारखा १६:१० असेल तर त्याचाच आकार टीव्हीवर लादला जातो आणि तुम्ही टीव्हीला शिव्या देत बसता. डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे ना बघा. फोर-के टीव्ही असेल तर चित्र ३८४० बाय २१६० चं बनवा आणि चौकटींची अंतरं दुप्पट करा, रेषा मात्र एक पिक्सेलच्याच ठेवा, एकदम सोपं.

आता वाचन. पांढरी बाहेरची रेषा चारही बाजूंना दिसली तर कापणं शून्य. पांढरी नाही पण पिवळी दिसते तर अडीच टक्क्यांच्या आत. पिवळीपण गायब तर त्याहून जास्त. गोल अंड्यासारखा झाला तर स्ट्रेच. आणि बारीक रेषांचा चौकोन एकसारखा करडा दिसायला हवा, त्यात लाटा किंवा जाड-बारीक पट्टे दिसले तर चित्र कुठेतरी लहान-मोठं होतंय, कडा पूर्ण दिसत असल्या तरी. ही शेवटची खूण सगळ्यात कामाची आहे, लक्षात ठेवा.

एक सावधगिरी, हेच चित्र पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीच्या यूएसबीत लावून बघू नका. टीव्हीचं आतलं फोटो अॅप बहुतेक वेळा न कापता दाखवतं, त्यामुळे निकाल चुकीचा येतो. ज्या वाटेनं व्हिडिओ बघणार त्याच वाटेनं टेस्ट.

टीव्हीत कुठे बंद करायचं

प्रत्येक कंपनीनं याला वेगळं नाव ठेवलंय आणि कुठल्याच नावावरून कळत नाही की हे कापणं बंद करायचं बटण आहे, हा खरा वैताग.

सॅमसंगमध्ये पिक्चरच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ सेटिंग्ज, तिथे १६:९ ठेवून फिट टू स्क्रीन चालू करायचं. जुन्या सेटमध्ये पिक्चर साइझच्या यादीतच स्क्रीन फिट असायचं. एलजीमध्ये आस्पेक्ट रेशोखाली जस्ट स्कॅन, ते चालू. सोनीमध्ये डिस्प्ले एरिया नावाचं असतं, त्यात नॉर्मल, प्लस वन, मायनस वन असे पर्याय असतात आणि आपल्याला हवं ते फुल पिक्सेल. सोनीवाल्यांनी वाइड मोड पण बघा, तिथे वाइड झूम असेल तर ते काढून फुल करा, नाहीतर फुल पिक्सेल करून पण कापलेलंच दिसेल. पॅनासॉनिकमध्ये सरळ १६:९ ओव्हरस्कॅन असं लिहिलेलं असतं, ऑफ करा, प्रामाणिक माणसं. फिलिप्समध्ये अनस्केल्ड किंवा ओरिजिनल. बाकी कंपन्यांच्या सेटमध्ये डॉट बाय डॉट, वन टू वन, नेटिव्ह, पिक्सेल टू पिक्सेल यातलं काहीतरी शोधायचं. फुल किंवा वाइड या नावांवर विश्वास ठेवू नका, "फुल" म्हणजे पडदा पूर्ण भरणं, चित्र पूर्ण दाखवणं नाही.

पर्याय दिसतोय पण दाबता येत नाही, करडा झालाय? मग सिग्नल बघा. एलजीचं जस्ट स्कॅन ७२०पी आणि त्याच्या वरच्याच सिग्नलला मिळतं, त्यामुळे ५७६ रेषांचा सिग्नल येत असेल तर चालणार नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलवरून येणाऱ्या चित्राला हा पर्याय मिळेल अशी आशा धरू नका, आणि तिथे कापलेलं असणंच खरं तर बरं.

बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळं असतं. पोर्ट एकवर केलं आणि मग पाहुण्यांनी लॅपटॉप पोर्ट दोनला लावला की परत तेच, तर जिथे जिथे काही लागतं तिथे तिथे करून टाका.

पर्यायच सापडत नसेल तर सोर्सच्या यादीत जाऊन त्या इनपुटचं नाव किंवा प्रकार बदलून पीसी करा. हे जादूटोण्यासारखं वाटेल पण बऱ्याच सेटमध्ये, विशेषतः सॅमसंगमध्ये, त्या नावावरून टीव्ही आपलं वागणं बदलतो, कापणं बंद करतो आणि रंगीत अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात ते पण सुधारतं. काही सेटमध्ये पिक्चर मोड गेम केला की पण काम होतं. जुन्या सेटला व्हीजीए पोर्ट असेल तर तिथून लावा, तिथे टीव्ही स्वतःला मॉनिटर समजतो आणि शक्यतो कापत नाही.

लॅपटॉपमध्ये का दुरुस्त करायचं नाही

कारण ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय असते ती कापणं थांबवत नाही, ती चित्र आधीच लहान करून देते म्हणजे टीव्हीनं मोठं केल्यावर ते जेमतेम मावतं. लॅपटॉप १९२० चं चित्र १८२४ बाय १०२६ मध्ये दाबतो, भोवती काळी चौकट लावतो, मग टीव्ही ते परत ताणून १९२० करतो आणि काळी चौकट कापून टाकतो. दोनदा लहान-मोठं झालं, एकही पिक्सेल आपल्या जागी राहिला नाही, अक्षरं पुसट. वर सांगितलेल्या बारीक रेषांच्या चौकोनात लगेच लाटा दिसतील. सिनेमा बघायला चालून जातं, एक्सेल वाचायला नाही.

तरी टीव्ही अगदीच जुना आहे, मेनूत काही नाही, अशा वेळी नाइलाज म्हणून करा. एनव्हिडियात ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन, एएमडीत एचडीएमआय स्केलिंगचा स्लायडर, इंटेलमध्ये स्केलिंगखाली कस्टम, मॅकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अंडरस्कॅनचा स्लायडर. फायर टीव्ही स्टिकमध्ये डिस्प्लेखाली कॅलिब्रेट डिस्प्ले असतं, चार कोपऱ्यांना चार बाण, ते टोकं दिसेपर्यंत आत ओढायचे. प्लेस्टेशनमध्ये पण डिस्प्ले एरिया म्हणून तसलंच. पण स्टिकमध्ये बाण ओढायच्या आधी टीव्हीचं सेटिंग बघा, नाहीतर स्टिक लहान करणार आणि टीव्ही मोठं करणार असा खेळ कायम चालू राहील.

याचाच उलटा प्रकार पण होतो. जुन्या एएमडी कार्डांचे ड्रायव्हर एचडीएमआय केबल दिसली की "समोर टीव्ही असणार, तो कापणार" असं धरून स्वतःहून चित्र लहान करायचे. मग टीव्हीचं कापणं बंद असेल किंवा समोर साधा मॉनिटर असेल तर चारी बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये पुसट चित्र. लोक मॉनिटर बदलून आणायचे यासाठी. उपाय एवढाच, तो स्लायडर शून्यावर न्या.

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना

इथे बरोबर उलटी तक्रार असते, की टीव्हीवर कधी न दिसलेलं काहीतरी घाण कॉम्प्युटरवर दिसतंय. व्हीएचएसची लग्नाची कॅसेट यूएसबी डोंगलनं कॅप्चर केली की खाली आठ-दहा रेषांची थरथरणारी वाकडी पट्टी दिसते, आणि लोकांना वाटतं टेप खराब झाली किंवा डोंगल बोगस. दोन्ही नाही. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात, एक फील्ड, म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक रेषा, एक हेड वाचतं, पुढचं फील्ड दुसरं, आणि एका हेडवरून दुसऱ्यावर जायची वेळ चित्र संपायच्या थोडी आधीच येते. ती उडी चित्राच्या खालच्या रेषांत उमटते. ती कायम होतीच, मुंजीच्या आणि लग्नाच्या प्रत्येक कॅसेटमध्ये होती, टीव्ही ती कापत होता म्हणून दिसली नाही, इतकंच.

डावी-उजवीकडे पण बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. डिजिटल पालची फ्रेम ७२० बाय ५७६ ची, पण त्यात खरं चित्र साधारण ७०२-७०४ पिक्सेलचंच, बाकीचं कडेचं माप सैल ठेवलेलं. आणि ते पिक्सेल चौरस नसतात. म्हणून ४:३ ची टेप कॉम्प्युटरसाठी करताना दोन्ही बाजूंनी ८-८ पिक्सेल कापायचे, ७०४ बाय ५७६ राहतात, आणि ते ७६८ बाय ५७६ करायचे. मग गोल गोल दिसतात आणि नवरी आहे तेवढीच दिसते. हे न करता ७२० बाय ५७६ तसंच चौरस पिक्सेलनं दाखवलं की सगळे थोडे बारीक आणि उंच दिसतात, आणि १६:९ ला ताणलं की सगळे सुटलेले दिसतात.

खालची वाकडी पट्टी कापायची की झाकायची? कॉम्प्युटर, मोबाइल, यूट्यूब यासाठी असेल तर कापा, पण उंची कापली तर त्या प्रमाणात रुंदी पण कापा नाहीतर आकार बिघडतो. फक्त जुन्या टीव्हीवर डीव्हीडीनं बघायचं असेल तर कापू नका, तेवढ्या रेषांवर काळं टाका, फ्रेम ५७६ चीच ठेवा, टीव्ही ते काळं आपोआप झाकेल. आणि मूळ कॅप्चर केलेली फाइल न कापता एका हार्डडिस्कवर तशीच ठेवा, हे कृपया करा, कापलेलं परत आणता येत नाही.

व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप ऑटोमॅटिक असतो, तो काळ्या पट्ट्या शोधून कापतो, पण अंधाराच्या सीनवर फसतो त्यामुळे कस्टम करून आकडे स्वतः टाका. आकडे सम घ्या, आणि इंटरलेस्ड, म्हणजे अशी दोन फील्डची टेप असेल तर उंचीत ४ नं भाग जाणारे, नाहीतर रंग एका रेषेनं सरकतात. नुसतं बघायचंच असेल, फाइल बदलायची नसेल, तर व्हीएलसीत ए दाबलं की आस्पेक्ट बदलत जातो आणि सी दाबलं की क्रॉप, परत परत दाबत राहायचं.

कधी कधी एचडी व्हिडिओच्या अगदी खाली हिरवी किंवा करडी बारीक पट्टी दिसते, ती पण याच कुळातली. जुने कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, चित्र १६-१६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत साठवतात, १०८० ला १६ नं भाग जात नाही म्हणून आत १०८८ रेषा साठवल्या जातात आणि खालच्या जादा ८ टाकून द्यायची सूचना फाइलमध्ये असते. प्लेअरनं ती सूचना पाळली नाही की ते ८ रेषांचं भरताड दिसतं. प्लेअर बदला, फाइलला हात लावू नका.

तुम्हीच व्हिडिओ बनवत असाल तर

लग्नाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, गणेश मंडळाच्या टीव्हीवर दिवसभर फिरणारे जाहिरातींचे व्हिडिओ, लोकल केबलच्या बातम्या, हे सगळं शेवटी कुठल्या टीव्हीवर लागणार ते तुमच्या हातात नसतं. तुमचा टीव्ही नीट सेट केलेला असेल, त्यांचा नसेल. म्हणून अक्षरं आत घ्या. जुना नियम होता की हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि टायटल मधल्या ८० टक्क्यांत. आता १६:९ साठी तो सैल झालाय, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या शिफारशीप्रमाणे महत्त्वाची हालचाल प्रत्येक कडेपासून साडेतीन टक्के आत आणि अक्षरं पाच टक्के आत, म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये अक्षरं डावी-उजवीकडून ९६ आणि वर-खालून ५४ पिक्सेल आत. तुमच्या टेस्टच्या चित्रातली लाल चौकट तीच. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरपैकी प्रीमियरमध्ये सेफ मार्जिन्स, डाव्हिंचीमध्ये व्ह्यूखाली सेफ एरिया चालू केलं की रेघा दिसतात.

मराठी टायटलला अजून एक गोष्ट, जी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये कोणी सांगत नाही. आपली अक्षरं वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार अशी दोन्हीकडे वाढतात. मार्जिन अक्षराच्या पायापासून मोजली तर "पूजा" चा ऊकार रेघेखाली जातो आणि टीव्हीवर "पजा" उरतं, "गृहप्रवेश" चा "गहप्रवेश" होतो. म्हणून टायटल टाइप करताना मुद्दाम "र्कीं" आणि "ॡ" नाही तरी निदान "कृ" आणि "र्मी" असं काहीतरी टाकून उंची बघा, ते सेफ एरियात मावलं की बाकी सगळं मावतं. नावं अगदी खाली टाकायची हौस असेल तर अक्षरं लहान करा, पण वर घ्या.

बॅकग्राउंड मात्र पूर्ण कडेपर्यंत भरा. सेफ एरियाच्या बाहेर काळं सोडून दिलं की ज्याच्या टीव्हीत कापणं बंद आहे त्याला भोवती चौकट दिसते. आणि सुंदर नक्षीची बॉर्डर, ती कडेला चिकटवून लावायची फॅशन आहे ना, तोरणाची, पैठणीच्या काठाची, ती एका टीव्हीवर डावीकडून जाड आणि उजवीकडून बारीक दिसते कारण सगळे टीव्ही दोन्ही बाजू सारख्याच कापतात असं नाही. बॉर्डर हवीच असेल तर चांगली पाच टक्के आत आणून लावा किंवा लावूच नका, मी तर म्हणेन लावूच नका.

मोबाइलवर वेगळाच कापाकापीचा प्रकार आहे. २०:९ च्या पडद्यावर १६:९ चा व्हिडिओ दोन बोटांनी ताणून पूर्ण भरला की उंचीचा पाचवा भाग जातो, दहा टक्के वरून दहा खालून, म्हणजे पाच टक्क्यांची सेफ एरिया पाळून पण खालचं नाव जातं. तिथे बघणारा स्वतःच ताणतो त्यामुळे त्याला परत आत घ्यायचं माहीत असतं, पण व्हिडिओ मुख्यतः मोबाइलवरच फिरणार असेल, व्हॉट्सअॅपवर वगैरे, तर खालची नावं बारा-तेरा टक्के वर घ्या.

गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देण्याआधी कापणारा एखादा टीव्ही शोधून त्यावर लॅपटॉप एचडीएमआयनं लावून एकदा बघा, त्यासाठी दुकानातला जुना टीव्ही मुद्दाम ओव्हरस्कॅन चालू ठेवून बाजूला ठेवला तर उत्तम. त्यावर नावं पूर्ण दिसली की गावातल्या बहुतेक टीव्हींवर दिसतील.